बेकरीच्या भट्टीतला हेडलाइट

पूर्वी गाडीचा दिवा गेला तर माणूस दुकानात जाई, अंगठ्याएवढा बल्ब कागदात गुंडाळून आणी, बॉनेट उघडून हात आत घाली आणि दोन शिव्या देऊन पाच मिनिटांत मोकळा होई. हाताला खरचटलं तर शिव्या चार आणि मिनिटं दहा. आता तसं नाही. आता दिवा गेला की आधी पुढचा बंपर उतरवायचा, त्यासाठी चाकांजवळचे प्लास्टिकचे आडोसे काढायचे, ते काढताना खिट्ट्या तुटणार म्हणून नव्या खिट्ट्या आणून ठेवायच्या, आणि एवढं सगळं करून दिवा हातात आला की कळतं, यात बल्ब नावाची वस्तूच नाही. आतले उजेडाचे ठिपके एका पट्टीवर कायमचे बसवलेले, पुढची काच कायमची चिकटवलेली. एक ठिपका विझला तरी अख्खा दिवा बदला. बरं, नवा दिवा आणला म्हणून तो पेटेल असंही नाही. गाडीतल्या कॉम्प्युटरला आधी त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि ती ओळख करून देण्याचे पैसे शोरूमवाले वेगळे घेतात. हे सगळं ज्या हुशार लोकांनी शोधून काढलं, त्यांच्या स्वतःच्या गाडीचे दिवे नक्कीच दुसरं कोणीतरी बदलून देत असणार.

गॅरेजांच्या त्या गल्लीत या दुखण्यावर इलाज होता, पण तो कुठल्या गॅरेजात नव्हता, बेकरीत होता. गल्लीच्या टोकाची बेकरी. पुढे काउंटर, मागे भट्ट्या, आणि त्याही मागे, मैद्याच्या गोण्यांपलीकडे, एक लांब टेबल. टेबलावर भिंग, सोल्डरिंगची सुई, दात घासायचे जुने ब्रश, काच पुसायची मऊ फडकी, आणि कुठल्या ना कुठल्या गाडीचा उघडा पडलेला दिवा. त्याच्यावर वाकून बसलेल्या बाईंना सगळी गल्ली 'पार्टवाल्या बाई' म्हणायची. वय बावन्न, चष्मा बहुधा कपाळावर, आणि आवाज असा की समोरच्या गॅरेजातला मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवून ऐकायचा.

नाव पडलं त्याला कारण होतं. एका मोठ्या शोरूमच्या पार्टच्या खिडकीत बाईंनी सोळा वर्षं काढली होती. लोक येऊन गाडीचं दुखणं सांगत, बाई आतून नंबर सांगत आणि किंमत सांगत. घरच्या माणसांचे वाढदिवस त्या विसरत, पण अमुक गाडीच्या डाव्या आरशाच्या टोपणाचा अकरा आकडी नंबर झोपेतून उठवून विचारला तरी चूक नाही. त्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

मग एके दिवशी खिडकीशी एक निवृत्त मास्तर आले. गाडी त्यांच्यासारखीच नीटनेटकी. दिवा ज्याला धरून गाडीत बसतो तो प्लास्टिकचा कान तुटला होता. नखाएवढा तुकडा. बाकी दिवा ठणठणीत. बाईंनी सवयीने नंबर सांगितला आणि किंमत सांगितली. मास्तरांचे डोळे पांढरे झाले.

"आणि नुसता कान नाही मिळत का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही. कान वेगळा येत नाही. पूर्ण दिवा घ्यावा लागेल."

हे वाक्य बाईंनी त्याआधी हजारदा म्हटलं असेल. पण मास्तरांनी तो तुटका तुकडा रुमालात बांधला, खिशात ठेवला आणि "बरं" म्हणून निघून गेले, ते बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. महिन्याभराने कळलं की त्यांनी गाडी विकून टाकली. त्या संध्याकाळी बाईंना जेवण गेलं नाही. स्वतःचाच राग आला होता. सोळा वर्षं आपण लोकांना 'मिळत नाही' एवढंच सांगत आलो, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी भंगारात टाकायचा एक दिवा पिशवीत घालून घरी घेऊन आल्या.

नवरा बेकरीवाला. सौम्य माणूस. बायकोपुढे बोलण्यापेक्षा भट्टीपुढे उभं राहणं त्याला सोपं वाटायचं. बाईंनी विचारलं, "अहो, हा डिंक किती गरम केला की सुटेल?" त्याने दिवा उलटापालटा केला, डिंक नखाने दाबून पाहिला आणि म्हणाला, "ब्रेड काढल्यावर भट्टी निवत येते ना, तेवढ्यात." आणि सुटला की! पहिला दिवा उघडला तेव्हा दोघंही लहान मुलांसारखी हसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रेडला रबराचा वास आला आणि निम्मी गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून परत गेली. तेव्हापासून धाकटी, जुनी भट्टी दिव्यांसाठी वेगळी काढली. बाईंनी नोकरी सोडली. लोकांनी वेड्यात काढलं, पण वर्षभरात त्याच लोकांच्या गाड्या बेकरीपुढे उभ्या राहायला लागल्या.

भट्टीत दिवा कधी घालायचा हे नवराच ठरवी. थर्मामीटर होता, पण त्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता. उघड्या हाताचा पंजा भट्टीच्या तोंडात धरायचा आणि मोजायचं. आठ म्हणेपर्यंत हात आत राहिला तर दिवा आत घालायचा, पाचावरच ओढून घ्यावा लागला तर काच वाकडी होईल. इतक्या वर्षांत एकही काच वाकडी झाली नव्हती. उरलेलं सगळं, म्हणजे उघडणं, दुरुस्त करणं, बंद करणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, हे बाईंचं खातं.

बोलण्यात तर बाई कोणाला हार जात नसत. जावई अजून त्याच शोरूममध्ये होते, गिऱ्हाइकांना खर्च समजावून सांगायच्या टेबलावर. सणासुदीला नव्हे, रोजच सासू-जावयाची जुंपायची. "आई, कंपनीचे नियम काही उगाच नसतात," असं ते म्हणायचे. "जावईबापू, नियम करणाऱ्यांना एकदा माझ्या टेबलाशी बसवा," असं बाई म्हणायच्या. मुलगी दोघांच्या मध्ये बसून जेवायची आणि कोणाचीच बाजू घ्यायची नाही.

तर एका सोमवारी सकाळी बेकरीत एक नर्स आल्या. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी, इंजेक्शनं, नळ्या बदलणं हे त्यांचं काम. रोजची अकरा घरं, शहराच्या बाहेरपर्यंत पसरलेली, गाडीशिवाय शक्य नाही. दवाखान्याचा नियम होता की गाडी दरवर्षी तपासणी केंद्रातून पास झाली पाहिजे. यांची तपासणी गुरुवारी, आणि शनिवारी कोणाच्या तरी टेम्पोने मागे घेताना यांचा डावा दिवा फोडून ठेवलेला.

"शोरूममध्ये गेले होते," सिस्टर म्हणाल्या. "माझा तीन महिन्यांचा पगार सांगितला. आणि दिवा यायला बारा दिवस. गुरुवारी पास नाही झाली तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी. दवाखाना तोवर थांबणार नाही, माझी घरं दुसरीला देतील. तिथल्या एका गृहस्थांनीच हळूच तुमचा पत्ता दिला."

"उंच, चष्मा, बोलताना पेन फिरवतात?"

"हो."

"आमचे जावई," बाई म्हणाल्या आणि त्यांना मनातून बरं वाटलं. "सिस्टर, चिंता सोडा. गुरुवारी तुमची गाडी पास. माझा शब्द."

दिव्याची काच फुटली होती, मागचा साचा तडकला होता आणि आतली उजेडाची पट्टी मोडली होती. म्हणजे दुसरा जुना दिवा आणून त्यात यांच्या दिव्याची छोटी कंट्रोलची डबी बसवायची. ओळख त्या डबीत असते. डबी जुनीच राहिली की गाडीचा कॉम्प्युटर फसतो, दिवा आपलाच समजतो, आणि शोरूमच्या दारात जावं लागत नाही. भंगारवाल्याकडे परदेशातून कंटेनर भरून जुना माल यायचा. तिथे बाईंना तोच दिवा मिळाला, ओरखडासुद्धा नाही. नंबर बघितला. अकराच्या अकरा आकडे तेच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं.

इथे दुसरा कोणी मेकॅनिक असता तर बुचकळ्यात पडला असता आणि दिव्याचा उजेड भिंतीवर पाडून बघितला असता. पण बाई पडल्या खिडकीच्या. त्यांना सोळा वर्षांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं की ते शेवटचं अक्षर म्हणजे माल कुठल्या खोक्यात बांधला त्याची खूण. त्याला कोणी विचारत नाही. त्यांनी दिवा काखोटीला मारला आणि आल्या. एरवी काम झालं की गाडी बेकरीमागच्या शेडमध्ये घेऊन, शटर ओढून, अंधार करून, समोरच्या भिंतीवर उजेड कसा पडतो ते बघायचा त्यांचा नेम होता. पण बुधवारी दुपारी दिवा बसवला तेव्हा सिस्टरना फेरीला निघायचं होतं, दिवा लख्ख पेटला होता, आणि नंबर तर जुळतच होता. बाईंनी बॉनेट आपटून बंद केलं आणि म्हणाल्या, "जा, बिनधास्त जा."

गुरुवारी साडेअकराला फोन आला.

"बाई, नापास." सिस्टरचा आवाज बसला होता. "साहेब म्हणतात, डावा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो."

"शक्य नाही. यंत्र बिघडलं असेल त्यांचं."

"त्यांनी दोनदा लावून पाहिलं. आज पाचच्या आत परत आणली तर पुन्हा बघतील. नाहीतर तीन आठवडे."

गाडी बेकरीमागच्या शेडमध्ये आली. बाईंनी शटर ओढलं आणि दिवे लावले. उजव्या दिव्याचा उजेड भिंतीवर जसा हवा तसा होता, समोरून येणाऱ्याच्या बाजूला खाली दबलेला आणि रस्त्याच्या कडेला जरा वर चढलेला, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा आणि समोरचा आंधळा होऊ नये. डाव्याचा उजेड बरोबर उलटा. कडेला दबलेला आणि समोरच्याच्या तोंडावर चढलेला. बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, काढला, पुसला, पुन्हा लावला. भिंतीवरचं चित्र काही बदललं नाही.

त्यांनी जावयांना फोन लावला आणि दोन्ही दिव्यांचे नंबर अक्षरासकट वाचून दाखवले.

"आई," पलीकडून जावई अगदी हळू म्हणाले, "ते शेवटचं अक्षर आता खोक्याचं नाही. तुम्ही सोडून गेलात त्यानंतर बदललं. ज्या देशांत गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात, तिथल्या दिव्यांना ते अक्षर देतात."

जावई याच्यापुढे एक शब्दही बोलले असते तर कदाचित बाईंनी फोन आपटला असता. पण ते बोलले नाहीत. सासूला कुठे टोचायचं नाही हे त्यांना कळत होतं, आणि त्याबद्दल बाईंना त्या क्षणी त्यांच्याविषयी माया वाटली.

त्या सिस्टरकडे वळल्या. "चूक माझी आहे. यंत्राची नाही, साहेबांची नाही. मला वाटलं मला सगळे नंबर येतात."

सिस्टर मैद्याच्या गोणीवर बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "माझी घरं गेली म्हणजे," एवढंच म्हणाल्या.

"अजून पाच वाजले नाहीत," बाई म्हणाल्या.

नवा दिवा मिळणार नव्हता. भंगारवाल्याकडे दुसरा नव्हता. पण बाईंचं डोकं एव्हाना धावायला लागलं होतं. उजेडाला हे वळण देतं कोण? आत, भिंगाच्या मागे, पत्र्याची एक पट्टी असते. नखाएवढी. तिच्या वरच्या कडेला एक पायरी कापलेली, आणि त्या पायरीच्या बाजूवर सगळं ठरतं. सिस्टरच्या फुटक्या दिव्यातली काच गेली, साचा गेला, उजेडाची पट्टी गेली. पण पत्र्याला काय होतंय! फुटका दिवा टेबलाखालीच पडला होता. बाईंनी तो हातोडीने फोडून त्यातून ती पत्र्याची पट्टी चिमट्याने बाहेर काढली आणि उजेडात धरली. सरळ होती, सुरकुतीसुद्धा नव्हती.

"अहो, भट्टी!"

"पेटवलीये," आतून आवाज आला. नवऱ्याने भट्टीपाशी उभ्या उभ्या सगळं ऐकलं होतं.

बंपर उतरवायला चाळीस मिनिटं गेली. बाईंनी खिट्ट्या मोजून वाटीत ठेवल्या. मग दिवा घेऊन दोघं भट्टीपुढे उभी राहिली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घाला आता."

नवऱ्याने पंजा आत धरला. "पाच," म्हणाला आणि हात ओढून घेतला. "थांब."

"वेळ नाहीये हो!"

"काच वाकली तर वेळ असून उपयोग नाही."

दहा मिनिटं तो तिथेच उभा होता, हात आत, हात बाहेर, आणि बाई मागे येरझाऱ्या घालत होत्या. शेवटी तो आठपर्यंत पोचला. दिवा आत गेला, डिंक सैल झाला, काच सुटली. बाईंनी आतली उलटी पट्टी काढली, सिस्टरची बसवली, दोन बारीक स्क्रू आवळले. पुन्हा डिंक, पुन्हा भट्टी, पुन्हा बंद. तेव्हा पावणेतीन झाले होते.

"पंखा लावते, लवकर निवेल," बाई म्हणाल्या.

"नाही."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. या माणसाने बाईंना इतक्या स्पष्टपणे 'नाही' कधी म्हटल्याचं त्यांना आठवेना.

"गरम काचेवर वारा मारलास तर तडा जाईल. आज दिसणार नाही. चार दिवसांनी पाणी शिरेल, आणि ही बाई कुठल्या तरी आडरस्त्याला अंधारात उभी राहील. चाळीस मिनिटं. एक कमी नाही."

बाईंनी पंख्याच्या बटणावरचा हात काढून घेतला. चाळीस मिनिटं तिघं जण टेबलावरच्या त्या दिव्याकडे बघत बसली. नवऱ्याने सगळ्यांना चहा दिला आणि सोबत बिस्किटं, आणि सिस्टरनी पहिल्यांदाच विचारलं, "ही बिस्किटं दुसऱ्या भट्टीतली ना?" बाईंना हसू फुटलं. मग सिस्टरनाही फुटलं.

सव्वाचारला बंपर बसला. बाईंनी शटर ओढलं. भिंतीवर दोन्ही उजेड एकाच वळणाचे पडले, कडेला वर, समोरच्याला खाली. बाईंनी एकदा बघितलं. मग गाडी मागे घेऊन पुन्हा बघितलं. मग, मागे वजन पडलं की उजेड वर चढतो म्हणून, सिस्टरना मागच्या सीटवर बसवून, रोज असतं तेवढं सामान डिकीत टाकून तिसऱ्यांदा बघितलं. घाई होती तरी बघितलं. आणि यावेळी 'बिनधास्त जा' म्हणाल्या नाहीत. "मी येते बरोबर," म्हणाल्या.

दोघी केंद्रावर पोचल्या तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. तपासणीच्या साहेबांनी यंत्र दिव्यापुढे ढकलत आणलं, डोळा लावला, आकडा वाचला, दुसऱ्या दिव्यापुढे नेलं, पुन्हा वाचला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "बरोबर आहे," म्हणाले. सिस्टरनी गाडीच्या बॉनेटला हात टेकला. त्यांचा जीव भांड्यात पडला तो बाईंना दिसला.

साहेबांनी ऑफिसच्या खिडकीत बसून फॉर्म पुढे ओढला. "सकाळी नापास, आता पास. काय बदललं ते लिहावं लागतं. भागाचा नंबर सांगा."

गाडीच्या कुठल्याही भागाचा नंबर बाईंना विचारा, आणि नेमका हा त्यांच्याकडे नव्हता.

"नंबर नाही, साहेब. पत्र्याची पट्टी आहे, एवढीशी. कंपनी ती वेगळी विकत नाही. विकत नाही म्हणून नंबर नाही."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही." साहेबांनी पेन टेकवून धरलं होतं. "नंबर नसेल तर काम करणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. आणि आधीच सांगतो, नाव घातलं की जबाबदारी आली. उद्या या दिव्याने कोणाचे डोळे दिपले आणि काही झालं, तर पहिली नोटीस तुम्हाला येईल. कंपनीला नाही."

"राहू दे बाई," सिस्टर घाईने म्हणाल्या. "माझी गाडी आहे, माझं नाव घालते."

बाईंना भीती वाटत होती, आणि ती त्यांना नवीन होती. काल कोणी विचारलं असतं तर त्यांनी एका दमात नाव सांगितलं असतं, आणि काल त्या चुकलेल्या होत्या. सोळा वर्षं त्यांनी जे जे सांगितलं त्याच्यामागे कंपनीचं नाव होतं. चुकलं तर कंपनीचं, बरोबर तर कंपनीचं. त्यांनी मनातल्या मनात भिंतीवरचा उजेड पुन्हा एकदा पाहिला, तीनदा पाहिलेला.

"तुम्ही गाडी चालवा, सिस्टर," त्या म्हणाल्या. "दिवा मी केलाय. लिहा साहेब."

आणि त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं. साहेबांनी एक अक्षर चुकवलं तेव्हा ते खोडून नीट लिहायला लावलं. मग बेकरीचा पत्ता. मग सही, सावकाश, पूर्ण.

शिक्का बसला. सिस्टरनी कागद घेतला, बाईंचा हात घट्ट दाबला आणि निघाल्या. साडेपाचला एका आजींची नळी बदलायची होती, आणि आजी वाट बघत असणार.

बाई मात्र खिडकीशी उभ्याच राहिल्या. साहेब फाइल बंद करत होते.

"साहेब, त्या कागदाची एक प्रत मला मिळेल का?"

"तुम्हाला कशाला?" साहेबांनी वर बघितलं. "गाडी तर त्यांची आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "पण दिवा माझा आहे."